साडेआठचा मेल

५ ऑक्टोबर, रविवार

मागच्या अंगाच्या दोन खोल्या एकदाच्या रंगवून झाल्या. पर्यटक येऊ देत आता. पाटीवर 'सुभद्रा निवास' लिहावं असं माझ्या मनात होतं, पण बायकोने साफ नकार दिला. "माज्या नावान परकी माणसां दार ठोठावतली? नको गे बाय." मग 'भाईंची पडवी' असं नाव ठेवलं. गाव मला भाईच म्हणतो आणि माझा दिवसही पडवीतच जातो, तेव्हा खोटं काही नाही.

उभा जन्म एसटीत गेला. त्यातला निम्मा वाहतूक नियंत्रक म्हणून. फलाटावर उभं राहून गाडी आली की वेळ लिहायची, सुटली की वेळ लिहायची, मध्ये शिट्टी मारायची. निवृत्त झाल्यावर हाताला काही लिहायचं उरलं नाही, म्हणून दैनंदिनी. कोणी वाचू नये. सुभद्राने तर नाहीच.

तेजूचा मेल आजही साडेआठला आला. तेजस्वी, आमची एकुलती एक मुलगी. डब्लिनला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. रोज सकाळी एकच ओळ: 'बाबा, बीपीची गोळी घेतली का? – तेजू'. व्हॉट्सॲपवर फुलं आणि सुविचार येतात म्हणून कामाचं बोलणं मेलवर, हा माझा नियम. साडेआठ म्हणजे साडेआठ. इकडचा काटा तिकडे नाही. तिकडे तेव्हा पहाटेचे चार वाजलेले असतात. पोर चारला उठते, बापाची चौकशी करते आणि मग पुन्हा झोपत असेल बिचारी. रक्त कोणाचं?

पूर्वी असं नव्हतं. कधी नऊला यायचा, कधी पावणेदहाला. मी एकदा कडक शब्दांत लिहिलं, 'औषधाला वेळ असते. ज्याला वेळेचं भान नाही त्याने विचारूच नये.' तेव्हापासून सुधारली. माणसाला शिस्त लावली तर लागते.

रविवारी ती आईला व्हिडिओवर फोन करते. मी समोर बसलो की ती विचारते, पाऊस आहे का. मी विचारतो, थंडी आहे का. झालं, संपलं. मग मी उठून पडवीत येतो आणि आत मायलेकी हसतात ते ऐकतो. तीन वर्षं झाली तिला येऊन. मला तिच्याशी पुष्कळ बोलायचं असतं. काय ते मात्र सापडत नाही.

८ ऑक्टोबर

शेजारच्या लवूची सून सारिका वेशीपलीकडच्या तोंडवलीतल्या निम्म्या हॉटेलवाल्यांच्या वेबसाइट सांभाळते. आमचीही तिनेच केली. पाहुण्यांना येण्याच्या दिवशी सकाळी आपोआप सूचना गेली पाहिजे: कुठे वळायचं, कुठल्या वळणावर गुगल फसवतं, सोमवारी मासे मिळणार नाहीत. मी म्हटलं, रोज सकाळी बसून मी पाठवीन की. ती हसली. "भाईकाका, तुमी कित्याक बसतास? सर्वराक सांगून ठेवया. तो पाठयतलो."

सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर. आपली वेबसाइट त्याच्या पोटात असते. त्याला कामं नेमून द्यायला एक पान आहे, त्या नेमलेल्या कामाला म्हणतात क्रॉन. पाच खण. मिनिट, तास, तारीख, महिना, वार. ज्या खणाचं बंधन नको तिथे चांदणी काढायची. आणि पुढे काम कुठलं ते.

मी ते पान बघतच राहिलो. अहो, हे तर वेळापत्रक! रोज सुटणारी, फक्त सोमवारी सुटणारी, महिन्याच्या एक तारखेला सुटणारी. असलेच खण मी आयुष्यभर भरले. सारिकाला म्हटलं, "बाजूक हो बाय. ह्या माका येता."

११ ऑक्टोबर, शनिवार

कोल्हापूरचे पाहुणे आले ते तोंड फुगवूनच.

मी तासाच्या खणात सात लिहिलं होतं आणि मिनिटाच्या खणात चांदणी काढून मोकळा झालो होतो. म्हणजे सातच्या तासातलं कुठलंही मिनिट चालेल, असा माझा उदार हेतू. सर्व्हरने अर्थ घेतला, प्रत्येक मिनिट. त्या गृहस्थांना 'भाईंच्या पडवीत आपले स्वागत आहे' असे साठ मेल गेले. बरं, तेही सकाळी सातला नाही, साडेअकराला सुरू झाले. तोपर्यंत मंडळी चुकीच्या वळणाने जाऊन परत फिरली होती.

सारिका पोट धरून हसली. मग म्हणाली, "काका, सर्वराचा घड्याळ लंडनचा. तो थयलेच सात बघता. तुमका आपले सात होये तर हिशोब करून घालूक होयो." म्हणजे गाडी आमची आणि घड्याळ परक्याचं. दुरुस्त केलं. पाहुण्यांना सुभद्राने तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी वाढली, तेव्हा कुठे त्यांची कपाळावरची आठी गेली.

२६ ऑक्टोबर, रविवार

आज तेजूचा मेल साडेआठला आला नाही.

पावणेनऊला मी लिहिलं, 'आज उशीर?' उत्तर नाही. गोळी हातात घेऊन बसलो होतो. सुभद्रा म्हणाली, गिळा ती, गोळयेक काय मुहूर्त लागता? नाही घेतली. मनात नाही नाही ते येत होतं. परका मुलूख, एकटी पोर.

साडेनऊला आला. ठरलेली ओळ, खाली तेजू. दुपारी आणखी एक: 'सॉरी बाबा, इकडे आजपासून घड्याळं एक तास मागे गेली, लक्षात राहिलं नाही. उद्या वेळेवर येईल.'

रागावलो होतो, पण वाचून राग गेला. वेळेची तिला चाड आहे.

२७ ऑक्टोबर

साडेआठला आला. म्हणजे आता तिकडे पहाटेचे तीन. तीन! मी लगेच लिहिलं, 'एवढ्या पहाटे उठू नकोस. तब्येत सांभाळ. सावकाश पाठवलंस तरी चालेल.' तिने उंचावलेला अंगठा पाठवला.

डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

३० ऑक्टोबर

काल रात्रीपासून एक गोष्ट मनात ठुसठुसतेय. उशीर असा बरोबर एक तासाचा होत नसतो.

गाडी उशिरा येते ती सतरा मिनिटं, तेवीस मिनिटं. कुठे म्हैस आडवी येते, कुठे कंडक्टर चहा पितो, कुठे एखादी म्हातारी पायरीवर पाय ठेवून पिशवी शोधत बसते. माझ्या उभ्या नोकरीत बरोबर साठ मिनिटं उशिरा आलेली गाडी मी पाहिली नाही. आणि रविवारी तेजूचा मेल साडेआठचा साडेनऊला आला. नऊ अठ्ठावीसला नाही, नऊ एकतीसला नाही.

आज सारिका आली तेव्हा विचारलं, "बाय, सर्वराचा घड्याळ आयर्लंडचा असला आणि तेंचा घड्याळ मागे गेला, तर आपल्याकडे मेल कधी येतलो?"

"एक तास उशिरा," ती म्हणाली. आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझ्या पहाटे उठणाऱ्या मुलीचं कौतुक मीच दहा वेळा ऐकवलेलं. "काका," ती हळूच म्हणाली, "चाय ठेवू?"

नको म्हटलं.

३१ ऑक्टोबर

साडेआठ. आला. उघडला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सुभद्रा मायलेकीचं बोलणं आटोपून बाहेर आली आणि माझं तोंड बघून म्हणाली, "काय झाला? मासो गिळलास काय काट्यासकट?"

सांगितलं. तेजू मेल लिहीत नाही, तिने क्रॉन लावून ठेवलाय. मिनिट, तास आणि तीन चांदण्या. मी सहा महिने एका यंत्राला सांगतोय, हो, घेतली गोळी.

तिला मेलीला आश्चर्यच वाटलं नाही. "चेडू रोज रात चार वाजता उठता, ह्या तुमका खराच वाटला? न्हानपणी शाळेक उठवताना माझो जीव जाय." आणि आत गेली नारळ खोवायला.

मला काय दुखलं ते तिला कसं सांगू? रोज पहाटे एक माणूस माझ्यासाठी जागं होतं, अशी माझी समजूत होती. त्या समजुतीवर माझा दिवस उभा होता.

एक आठवलं. तेजू सहा-सात वर्षांची असताना सुभद्रा तिला फलाटावर माझ्यापाशी ठेवून बाजाराला जायची. एकदा तिने शिट्टी मागितली. दिली. तिने गाल फुगवून अशी काही मारली की आरोंद्याची गाडी सुटलीच. वेळेच्या तीन मिनिटं आधी. मी नोंद वेळेवरचीच केली. वेळेआधी सुटलेली माझी ती एकुलती गाडी. तिला कशाला आठवत असेल.

४ नोव्हेंबर

जशास तसे.

सारिकाला न सांगता माझा मीच क्रॉन लावला. तेजूचा मेल साडेआठला, माझं उत्तर आठ एकतीसला. तिला संशय येऊ नये म्हणून सात वारांची सात उत्तरं. मंगळवारचं: 'घेतली. आज बांगडा चांगला आहे.' गुरुवारी वारं कसं आहे ते. सोमवारचं: 'घेतली. चहा पिऊन पडवीत बसलोय. सगळं शांत आहे.' लंडनच्या घड्याळाचा हिशोबही बरोबर घातला. मिनिटाच्या खणात या वेळी चांदणी नाही.

सकाळी पडवीत बसून फोनकडे बघत होतो. तिचं यंत्र म्हणालं, घेतली का? माझं यंत्र म्हणालं, घेतली. दोघांचं छान जमलं. तिसरं कोणी तिथे लागलंच नाही.

१३ नोव्हेंबर

देवाने गावपळणीला उजवा कौल दिला.

चार वर्षांनी आमचा गाव असा उठतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. तीन रात्री गावात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, माणसाचा आवाज यायचा नाही. गाव तेवढे दिवस देवाचा आणि मागे होऊन गेलेल्यांचा. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देव म्हणेल तेव्हा परतायचं. कधी निघायचं तेही देवच सांगतो. तारीख नाही, वार नाही, तिथीसुद्धा पक्की नाही. मला गंमत वाटली. ही गाडी कुठल्याही खणात बसत नाही.

गाऱ्हाणं घालताना गावचे मानकरी गावकर म्हणाले, "ज्येंची पोरां परमुलखात आसत, त्येंका सांभाळ रे म्हाराजा." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा." माझा आवाज जरा मोठाच आला. लवूने वळून बघितलं.

तेविसाव्या तारखेला निघायचं.

१५ नोव्हेंबर

काल गोळी राहिली, आजचीही. आज संध्याकाळी डोकं धरलं तेव्हा लक्षात आलं. उत्तर मात्र दोन्ही दिवस वेळेवर गेलेलं, 'घेतली'.

सुभद्राला बोललो नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

सुभद्राने तेजूला गावपळणीचं सांगितलं. आत मोठ्याने बोलणं चाललं होतं. तेजू म्हणत होती, "आये, माका त्या सुरूच्या बनातलो भात आठवता गो. धुराचो वास येय तो." मी पडवीत होतो. उठून आत जावं असं वाटलं. दारापर्यंत गेलोही. तेवढ्यात रेंज गेली.

मी तिला ये म्हटलं असतं तर? पण मेलमध्ये असं कसं लिहायचं? मेलमध्ये आम्ही फक्त गोळीचं बोलतो.

२२ नोव्हेंबर

निघायची तयारी. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुके बांगडे, चटया, मोठा टोप. पाहुण्यांची आरक्षणं पुढे ढकलली. सर्व्हरवरच्या सगळ्या सूचना बंद केल्या. सारिकाला सांगितलं, सगळ्या गाड्या रद्द. ती म्हणाली, "काका, तुमी आता माकाच शिकयतलास."

पुतण्या सुशांत मुंबईहून आलाय. गावपळण म्हटली की त्याला गणपतीपेक्षाही हुरूप येतो. त्याचं आणि तेजूचं लहानपण एकाच अंगणात गेलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. तोंडवलीच्या सुरूच्या बनातून

राहुटीत बसून लिहितोय. आजचा दिवस नीट लिहून ठेवला पाहिजे.

काल दुपारी घराचा मेन स्विच पाडला, कडी घातली, गाईचं दावं हातात घेतलं आणि निघालो. माझा फोन काल संध्याकाळीच मेला. सुभद्रा आपला फोन फडताळातच विसरून आली. म्हटलं, बरं झालं, साडेआठ वाजलेले कळायला नकोत.

आज दुपारी चुलीवर भात होता. मी सुरूच्या काटक्या मोडत होतो. लवू समुद्राकडे तोंड करून विडी ओढत होता. एवढ्यात सुशांत वाळूतून धावत आला, घामाघूम, फोन कानाला लावलेला.

"काका! तुमी हंय आसात?"

"मगे खंय आसतलंय?"

"तेजू रडता. म्हणता बाबा गावातच रवले. एकटेच. पडवेत बसलेत म्हणता."

लवूच्या हातातली विडी खाली पडली. "गावात? पडवेत?" त्याने कपाळाला हात लावला. "अरे देवा. पडवेत कोण बसलो हा रे?"

आजूबाजूच्या राहुट्यांतून माणसं जमली. कोणी म्हणालं, भाईंचो बापूस आसतलो, तोय थयच बसा. गावकरसुद्धा उठून आले. आणि मला वीज चमकावी तसं आठवलं. पाहुण्यांच्या सगळ्या गाड्या रद्द केल्या होत्या. ती आठ एकतीसची तेवढी राहिली होती! आज सोमवार. 'चहा पिऊन पडवीत बसलोय. सगळं शांत आहे.' घराला कडी, गावात चिटपाखरू नाही, आणि माझा सर्व्हर परदेशात बसून माझ्या पडवीतून बोलत होता.

सुशांतच्या हातातून फोन घेतला.

"तेजू."

"बाबा! तुमी खंय आसात?"

किती दिवसांनी तिने मला मालवणीत हाक मारली. "तोंडवलीत, बाय. बनात. भात शिजता हा."

"मगे पडवेत कोण बसला हा? आज तुमचो मेल येवचो नाय म्हणान मी मुद्दाम बघलंय. आणि इलो. पडवेत बसलंय, सगळा शांत आसा. माजो जीव कसो झालो म्हायती आसा? आईचो फोन बंद, तुमचो बंद..."

सगळं बन माझ्याकडे बघत होतं. मी म्हणालो, "तुज्याकडे रात तीन वाजता जो उठता मा, तेचोच भाऊस माज्या पडवेत बसलो हा."

पलीकडे ती हसली. हसता हसता मध्येच थांबली, आणि कळलं की आता हसत नाहीये.

"तुमका कधी कळला?"

"घड्याळ मागे गेला तेव्हा. उशीर असो बरोबर तासाचो नसता गो."

"बाबा, माका उशीर झालो की तुमी रागवा होतास. दहा मिनटां उशीर झालो तरी वेळेचा भान नाय म्हणान लिवा. माका भिया वाटूक लागला. मेल उघडूचाच भिया. म्हणान लावन टाकलंय. निदान तुमी खूश तरी ऱ्हवशात."

तोंडात आलं ते बोललो. "माका उशीर चलता. तू उशीर कर. पण तू कर."

ती काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात सुभद्राने फोन हिसकावला. "शिरा पडली त्या मशीनीर! बापाशीक तोंड नाय आणि चेडवाकय नाय. आयक गो, तू जेवलंस काय?" पुढचं तिचं तिचं.

गावकर मला म्हणाले, "भाई, पुढच्या पळणीक तुमच्या त्या मशीनीकय वेशीभायर काढा." सगळे हसले. लवू तेवढा हसला नाही. मला म्हणाला, "तरीपण घराक गेल्यार पडवेत एक नारळ ठेव."

भाताला धुराचा वास लागला होता. तेजूला आवडणारा. पोटभर जेवलो.

२६ नोव्हेंबर

देवाने परत यायचा कौल दिला. घर उघडलं. पडवीत नारळ ठेवला. मेन स्विच वर केला, फोन चार्ज केला, आणि पहिलं काम म्हणजे ती आठ एकतीसची कायमची रद्द केली. पान उघडलं तेव्हा पाचही खण अजून भरलेले होते. पुसताना उगाच वाईट वाटलं. तो आपला तीन आठवडे माझ्यासाठी खोटं बोलत होता.

तेजूचा काल-आजचा मेल नाही. तिनेही बंद केला असणार.

२७ नोव्हेंबर

साडेआठ वाजले. पडवीत बसलो होतो, या वेळी खराखुरा. काही आलं नाही. नऊ. दहा. बोंबील घेऊन कोळीण आली, गेली. काही नाही.

२८ नोव्हेंबर

आजही नाही.

मीच म्हटलं, उशीर कर. पण उशीर म्हणजे किती, ते कोणी ठरवलं नाही. गाडी उशिरा आहे की रद्द आहे, हे फलाटावरच्या माणसाला कळायला नको? माझ्या वेळेला मी बोर्डावर खडूने लिहीत तरी होतो.

३० नोव्हेंबर, रविवार

आज आईलाही फोन आला नाही. सुभद्रा म्हणाली, कामात असेल. पण तीही तीनदा फोन उचलून बघून आली.

मी स्वतः लिहावं म्हणून बसलो. 'तेजू,' एवढं लिहिलं. मग पुढे काय? गोळीचं लिहिलं तर पुन्हा तेच. 'तुझी आठवण येते' असं लिहून पाहिलं. माझं बोट असं काही लिहायला सरावलेलं नाही. पुसलं. खरं सांगायचं तर ते यंत्र बंद केलं याचा आज पश्चात्ताप झाला. खोटी का होईना, रोज एक हाक होती. आता साडेआठ वाजता पडवीत नुसतं ऊन येतं.

ती दुखावली तर नसेल? गावासमोर मी तिची थट्टा केली. मला तिचा आवाज हवा आहे. बाकी काही नको.

२ डिसेंबर

दुपारी ताट वाढलं होतं. सुभद्रा पेज ओतत होती, तेवढ्यात फोन वाजला. मेल.

जसाच्या तसा उतरवून ठेवतो.

'बाबा,
चार वेळा लिवलंय आणि पुसून टाकलंय. गोळयेशिवाय आपल्याकडे इषयच नाय, ह्या माका पयल्यांदा कळला. म्हणान रविवारी आईकय फोन करूक नाय, तुमी पडवेत उठान जातलास ह्या म्हायती होता.
आता बस स्टॉपार उबी आसंय. पाऊस आसा. बस सतरा मिनटां लेट. मी घड्याळ बघून असा तोंड केलंय की बाजूची बाई माकाच सॉरी म्हणाली. ता तोंड तुमचा. मगे हसूक इला आणि आरोंद्याची गाडी आठवली. मी शिट्टी मारलंय आणि सुटली ती. तुमी माका ओरडूक नाय. ड्रायव्हराक हात दाखवलास आणि जा म्हणालास. ता माका अजून कोणाक सांगूक गावला नाय.
पुढच्या मे म्हयन्यात येतंय. तारीक अजून ठरूक नाय.
बस इली.
तेजू'

दोनदा वाचला. मग सुभद्राला मोठ्याने वाचून दाखवला. आरोंद्याच्या गाडीचं ऐकून ती म्हणाली, "ह्या माका कधी बोलूक नाय तुमी," आणि पदर डोळ्यांना लावून पुन्हा पेजेकडे वळली.

गोळी सकाळचीच वाटीत पडून होती. तिने विचारलं नव्हतं, तरी घेतली.

मग चष्मा लावून उत्तर लिहायला बसलो. एका बोटाने मालवणी लिहायला वेळ लागतो. शिट्टीचं लिहिलं. ती गाडी तीन मिनिटं आधी सुटली हे मी नोंदवलं नाही, तेही लिहिलं. बनातल्या भाताचं लिहिलं, लवूच्या नारळाचं लिहिलं. सुभद्रा दोनदा येऊन गेली. ताट झाकून ठेवलं तिने.

तिसऱ्यांदा आली आणि दारातूनच म्हणाली, "ओ नियंत्रक, पेज थंड झाली. तुमची गाडी अजून सुटूक नाय काय?"

"थांब गो," म्हटलं. "माणूस चढता हा."